चौथ्या फ्लॉपीवरचं कुंकू

खंडेनवमी आली की सोलापूरच्या पूर्व भागात ती आधी कानाला कळते. एरवी गल्लीच्या दोन्ही बाजूंनी माग खडखडत असतात. इथली माणसं घरातसुद्धा मोठ्यानं बोलतात ती त्यामुळंच. आणि या एका दिवशी सगळं बंद. मग भलतेच आवाज ऐकू यायला लागतात. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, सायकलची सैल चेन, कारखान्याच्या पत्र्यावर चालणाऱ्या कबुतरांची नखं. पाऊस संपलेला, थंडी अजून यायची, आणि मधल्या या दिवसांत ऊन पुन्हा उन्हाळ्यासारखं पत्र्यावर येऊन बसतं. ऑफिसच्या पायरीवर झेंडूचं पोतं उपडं केलेलं असतं. तो ओला, जरा कडवट वास नाकात गेला की लोकांना सण आठवतो. मला चौथी फ्लॉपी आठवते आणि चिडचिड सुरू होते.

यंदाही तसंच झालं. टॉवेलच्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं बघणं हे माझं काम. सकाळी साडेनऊपर्यंत यादीतली आठ कामं उरकून मी लॅपटॉप बंद करायला घेतला, तर त्यानं आपणहून अपडेट सुरू केलं. ‘कृपया बंद करू नका.’ सदतीस टक्के. दारात पूजेचं ताट घेऊन आमचा फोरमन उभा.

“मॅडम, मशिनी सगळ्या झाल्या. तुमचा तेवढा डबा राहिलाय.”

“थांबा. त्याचं अजून चाललंय.”

“आजच्या दिवशी त्याला तरी सुट्टी द्या की!”

सदतीस टक्क्यांवर तो अकरा मिनिटं बसून राहिला. मी घड्याळ लावून बघितलं. यादीत नववं काम होतं. ते मी दर खंडेनवमीला नव्या कागदावर उतरवते आणि दर दसऱ्याला पुढच्या वर्षावर ढकलते. ‘अण्णांना सांगणे.’ बाकी माझ्या यादीत एखादं काम तीन दिवस राहिलं तरी मला जेवण जात नाही.

यादीची सवय वडिलांची. ते कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते आणि त्यांच्या हत्यारपेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली असायची. सुट्टी होताना एकेक हत्यार बघत त्यांचं बोट यादीवरून खाली सरकायचं. एक पाना कमी भरला तर ते घरी यायचे नाहीत. मी एकविसाव्या वर्षी कॉम्प्युटरचा कोर्स करून सोलापुरात मावशीकडं राहायला आले आणि टॉवेलच्या एका कारखान्यात तीन महिन्यांच्या बोलीवर लागले, तेव्हा माझ्या पर्समध्ये कंगव्याच्या आधी वही गेली होती.

त्या कारखान्यात कॉम्प्युटर नुकताच आला होता. त्याला काचेची खोली, चपला बाहेर, अंगावर आमच्याच कारखान्याचा टॉवेल. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, एवढंच त्याचं जग. येणारा-जाणारा काचेला नाक लावून बघायचा. काचेवरचे तेलकट ठसे पुसणं हे माझ्या रोजच्या यादीतलं पहिलं काम.

ठसे न उमटवता बघणारा एकच माणूस होता. नरसय्या अण्णा, आमचे कार्डमास्तर. जकार्डचा माग नक्षी विणतो ती पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. कार्डाला जिथं भोक, तिथं सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. जिथं पुठ्ठा कोरा, तिथं धागा खालीच राहतो. आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे, मग चौकोनाबरहुकूम भोकं पाडायची, मग कार्डं क्रमानं दोरीत ओवायची. तीस-पस्तीस वर्षं अण्णा हेच करत होते. भोकं पाडून पाडून त्यांचा उजवा अंगठा चपटा आणि रुंद झाला होता, बत्त्यानं ठोकल्यासारखा. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी.

एवढ्या वर्षांत अण्णांनी स्वतःची नक्षी एकही केली नव्हती. गिऱ्हाइकाकडून नमुना यायचा, अण्णा भिंग लावून त्याचे धागे मोजायचे आणि तसंच्या तसं उतरवायचे. त्या वर्षी मात्र त्यांनी डाळिंबाच्या फुलांची एक किनार काढली. आमच्या मुंबईच्या एजंटानं त्याचं पेन्सिलचं कच्चं चित्र बघितलं आणि म्हणाला, पूर्ण ग्राफ पाठवा, बाकीच्या नमुन्यांबरोबर बाहेर घेऊन जातो. तो दसऱ्याच्या संध्याकाळी विमानात बसणार होता. आणि अण्णा दिवाळीला निवृत्त होणार होते. मोतीबिंदू वाढलेला, एका चौकोनाचे दोन दिसायला लागलेले. म्हणजे पुढची संधी वगैरे काही नव्हती. गेली तर ही नक्षी जाणार, नाही तर कुठलीच नाही.

ग्राफ पुरा व्हायला अष्टमी उजाडणार, हे चार-पाच दिवस आधीच दिसत होतं. त्यापुढं कुरियर दोन दिवस बंद. झाला तेवढा ग्राफ फॅक्स करून बघितला, तर बारके चौकोन एकमेकांत सांडून नुसता काळा डाग उमटला. उरला कॉम्प्युटर. एजंटाकडं मोडेम होता, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून एका कॉम्प्युटरचं दुसऱ्याला कळवणारा डबा. तसाच एक त्यानं आमच्यासाठीही पार्सलनं पाठवला आणि सोबत ते बोलणं चालवणारा प्रोग्रॅम, सात फ्लॉप्यांवर.

नक्षी कॉम्प्युटरला कशी सांगायची, ते आम्ही दोघांनी बसवलं. भरलेल्या चौकोनाला फुली, रिकाम्याला टिंब. अण्णा शेवटचा भाग काढत होते तोवर मी सुरुवातीपासून टाइप करत आले. चार दिवस. अण्णा स्टुलावर बसून वाचायचे, “चार खाली, दोन भर, एक खाली, सात भर,” आणि मी फुल्या-टिंबं मारायचे. मध्येच ते विचारायचे, “म्याडम, झोप आली का?” मला म्याडम म्हणणारे तेव्हा ते एकटेच, आणि तेही चिडवायला.

पार्सल अष्टमीच्या संध्याकाळी आलं. म्हणून नवमीच्या सकाळी आठलाच मी काचेच्या खोलीत. हिशोब सोपा होता: सात फ्लॉप्या, फार तर दीड तास, अकराला पूजा. पूजा झाली की दसरा उजाडेपर्यंत कुठल्याच अवजाराला हात लावायचा नाही, ही तिथली शिस्त. त्यात कॉम्प्युटरही आला.

तो दीड तास कसा फुगत गेला ते मला अजून मिनिटामिनिटानं आठवतं. पहिली फ्लॉपी घातली, तर यंत्र आधी विचारणार, कुठं ठेवू? सांगितलं, तर म्हणणार, जागा नाही. जागा केली, तर पुन्हा पहिल्यापासून. त्या फ्लॉप्या म्हणजे मोठ्या, काळ्या, वाकणाऱ्या. मध्ये एक लांबट खिडकी, तिच्यातून आतली तपकिरी तबकडी दिसायची. तेवढ्या खिडकीतून यंत्र वाचायचं. फ्लॉपी आत गेली की खोलीभर घरघर, मग शांतता, मग पुन्हा घरघर, आणि पडद्यावर काहीच नाही. चाललंय की अडकलंय, हे सांगायची त्याला गरज वाटत नसे. तिसरी संपली तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. चौथी माझ्या हातात होती.

बाहेर पूजा सुरू झालेली. सगळ्या अवजारांना कुंकू लावायचा मान अण्णांचा, कित्येक वर्षांचा. माग, कात्र्या, वजनकाटा, कार्डांचे गठ्ठे. नव्या कामगारांना ते दरवर्षी तेच सांगायचे, आणि त्या दिवशीही शेडमधून त्यांचा आवाज येत होता. “कुंकू कडेला लावायचं. भोक मोकळं राहिलं पायजे. सुई अडली तर देव येणार हाय का काढाया?”

काचेच्या खोलीशी मालकांची आई आल्या. त्यांना सगळे अम्मा म्हणत. कॉम्प्युटरला हार घालून झाला आणि त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. “त्या काळ्यालाबी लाव की गं. त्यानंच काम करायचंय ना?” त्यांनी वाटी पुढं केली. ओलं कुंकू होतं. मी अंगठा बुडवला आणि टेकवला. टेकवताना मी फ्लॉपीकडं बघत नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. मग ती पाकिटात घातली, सातांच्या चळतीत ठेवली आणि प्रसाद घ्यायला गेले.

दसऱ्याला कारखाना बंद होता, पण मालकांनी आमच्यासाठी ऑफिस उघडून दिलं. चौथी फ्लॉपी आत घातली आणि करवतीनं पत्रा कापल्यासारखा आवाज आला. पडद्यावर तीन शब्द: अबॉर्ट, रिट्राय, फेल? सोडून देऊ, पुन्हा बघू, की हरलो म्हणू. मी रिट्राय दाबलं. पुन्हा तेच. मी वहीत रेघा मारत गेले, सतरा झाल्या. आज विचार करते, तेव्हाच बाहेर काढून बघायला काय झालं होतं? पण यंत्रासमोर बसलं की माणूस यंत्रासारखाच एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो.

शेवटी काढली. खिडकीत, बरोबर मधोमध, लाल अंगठा.

मालक मागं उभे होते. “हे काय? हे कुणी केलं?”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. त्याआधी काचेच्या बाहेरून अण्णा बोलले, “मी लावलं मालक. पूजा मीच करतो की समदी.”

“अण्णा, तुमचीच नक्षी, आणि तुमच्याच हातानं घालवलीत? कमाल आहे! पुढच्या वर्षीपासून पूजा दुसरं कुणीतरी करेल.”

अण्णांनी मान हलवली. मी उघडलेलं तोंड मिटलं. माझ्या बोलीचे आठ दिवस उरले होते. कारण एवढंच होतं. तेव्हा ते पुरेसं वाटलं.

अण्णा खिडकीवर कुंकू लावणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. त्यांचं ते ‘कडेला’ मी आदल्याच दिवशी ऐकलं होतं. मग त्यांनी स्वतःवर का घेतलं? मी मनाशी ठरवून टाकलं की, अम्मांनी लावलं असं त्यांना वाटलं असणार, मालकासमोर त्याच्या आईचं नाव कसं घ्यायचं म्हणून गप्प बसले असणार. हे उत्तर सोयीचं होतं. मी ते बरीच वर्षं वापरलं.

मालक एजंटाला फोन करायला गेले. अण्णा चपला काढून आत आले, फ्लॉपी उजेडात धरली आणि विचारलं, “ह्याच्या आत काय हाय?”

“पातळ तबकडी. कागदासारखी.”

“आन् वरचं हे नुसतं पाकीट? मग पाकीट बदलू की.”

मी नाही म्हणाले. असं करत नाहीत, असं कुठल्याच पुस्तकात नाही, बोट लागलं तर संपलं. अण्णा म्हणाले, “म्याडम, आता काय संपायचं ऱ्हायलंय?”

त्यांनी ब्लेडनं एका कोऱ्या फ्लॉपीची कड कापली, आतली तबकडी काढून टाकली. मग चौथीची कड कापली. तबकडी मधल्या भोकात करंगळी घालून उचलली, कुठं स्पर्श नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, जुन्या धोतराचा मऊ तुकडा. कुंकवाचा ठसा त्यांनी फार वेळ बघितला, डोळ्यांजवळ नेऊन, मग आतून बाहेर, आतून बाहेर असा पुसत नेला. मोतीबिंदूचे डोळे, पण हाताला काही झालं नव्हतं. तोवर मी औषधाच्या पेटीतलं स्पिरिट घेऊन यंत्राच्या आतलं वाचायचं टोक पुसलं. कापूस लाल झाला. तबकडी पंख्याखाली वाळली, नव्या पाकिटात सरकली.

मी ती घातली. करवत वाजली. थांबली. पुन्हा वाजली. अण्णा म्हणाले, “खोकला हाय जरा.” आणि पडद्यावर ओळ आली: पाचवी घाला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कॉम्प्युटरच्या कामात अडचण जात नाही, पुढच्या टेबलावर जाऊन बसते. सातवी संपली, मोडेम जोडला, तर नंबरच लागेना. मी केबल बदलली, पुस्तक उलटं-सुलटं वाचलं. दुपारी एकला कळलं की, प्रोग्रॅम नव्या पद्धतीनं नंबर लावतोय आणि आमचं एक्स्चेंज जुनं, त्याला टक-टक करून नंबर फिरवावा लागतो. एक खूण बदलायची होती. त्या एका खुणेला दोन तास. मग नंबर लागला, तर पलीकडं एजंटाच्या माणसानं मोडेम चालू न करता सरळ रिसीव्हर उचलला.

“हॅलो? हॅलो? कोण कोकलतंय?”

मी आमचा रिसीव्हर उचलून ओरडले, “अहो, तुम्ही उचलू नका! त्याला उचलू द्या!”

“कुणाला? मी एकटाच आहे इथं. बाई, फॅक्स टाका ना सरळ.”

तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा दोन्ही डबे एकमेकांवर किंचाळले, खरखरले आणि गप्प झाले. पडद्यावर आकडे चढायला लागले. चाळीसवर लाइन तुटली. पुन्हा. अठ्ठ्याऐंशीवर तुटली. मी टेबलावर मूठ आपटली. अण्णांनी स्टूल जवळ ओढलं आणि आपट्याची पानं माझ्या वहीवर ठेवली. “सोनं घे. घे आन् परत लाव.”

चारच्या सुमाराला शंभर झालं.

पण अण्णा उठेनात. नक्षी गेली म्हणजे काय, बरोबर गेली का? कार्डं बांधण्याआधी एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, अशी त्यांची पद्धत. त्यांनी एजंटाच्या त्या माणसाला फोनवरून वाचायला लावलं. “सदतिसावी ओळ वाचा.” तो वैतागून वाचत होता, “टिंब टिंब टिंब टिंब, फुली फुली...” आणि अण्णा डोळे मिटून, रिसीव्हर कानाला लावून, अंगठ्यानं मांडीवर ठोके देत होते. सदतिसावी, साठावी, शेवटची. मग म्हणाले, “बराबर हाय. जाऊ द्या त्याला.” त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढं त्या क्षणी डाळिंबाचं फूल होतं, हे मला दिसलं. माझ्यापुढं फक्त टिंबं होती.

नक्षी पसंत झाली. ते टॉवेल विणले गेले, परदेशी गेले. अण्णांनी गर्द लाल धरला होता, गिऱ्हाइकानं करडा मागितला. त्यावर अण्णा एवढंच म्हणाले, “डाळिंब करडं झालं की ते लिंबू पण न्हाय ऱ्हात.” दिवाळीला ते निवृत्त झाले. माझी बोली पक्की झाली. निवृत्त कार्डमास्तरला खंडेनवमीच्या पूजेला मानानं बोलवायची त्या कारखान्याची रीत होती. अण्णांना बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी तिथं आणखी सहा वर्षं होते, आणि दर नवमीला दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात ती वाटी बघत होते. त्या सहा वर्षांत सांगता आलं असतं, तर त्याचा उपयोग झाला असता. मालकांना, सगळ्यांसमोर. ते राहिलं. नंतर मालक गेले, कारखाना विकला, ती काचेची खोलीही पाडली. यादीतलं काम मात्र तसंच राहिलं.

यंदा अण्णांचाच फोन आला. ते नव्वदीला टेकलेत. नात हैदराबादला असते. “तोंड दिसतं ते बोलणं माझ्या फोनात बसवून दे. पोरं म्हणत्यात उद्या, उद्या.” म्हणून लॅपटॉप त्याच्या टक्क्यांवर सोडून दुपारी मी त्यांच्या घरी गेले. वहीत दोन कामं: बसवणे, सांगणे. सोपं आधी, म्हणून मी हात पुढं केला.

“द्या फोन. पाच मिनिटांचं काम आहे.”

“त्या दिवशी बी दीड तासाचं म्हणली होतीस,” अण्णा म्हणाले. “आज न्हाय. पूजेला ठेवलाय. उद्या ये.”

“अहो अण्णा, फोन म्हणजे काय अवजार आहे का?”

“मग काय हाय?”

कोनाड्यात भोकं पाडायचा जुना पंच, भिंग, कात्री, आणि त्यांच्या शेजारी फोन, पालथा, वर झेंडूचं एक फूल. त्याच्या कोपऱ्यात कुंकवाचा बारीक ठिपका. कॅमेऱ्यापासून लांब, चार्जिंगच्या फटीपासून लांब.

“बघ,” अण्णा म्हणाले. “कडेला लावलंय. तुझ्यावानी भोकावर न्हाय.”

बाहेरच्या गल्लीत एकही माग चालू नव्हता, म्हणून मला ते नीट ऐकू आलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“तुझं उघडलेलं तोंड काचेतून दिसलं तवाच. आन् तबकडी पुसली कुणी?” त्यांनी तो चपटा, रुंद अंगठा माझ्यासमोर धरला. “ह्यो केवढा, आन् त्यो ठसा केवढा. बोटं बघत जलम गेला माझा.”

मला रागच आला. एवढी वर्षं मी दर दसऱ्याला स्वतःला खात बसले, आणि यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक. “मग मालकांना का नाही सांगितलंत? तुमची पूजा गेली, अण्णा.”

“तुला घालवली असती त्यांनी. मग माझं डाळिंब धाडलं असतं कुणी? मालकानं?” ते हसले, आणि मग हसू जरा ओसरलं. “पूजेचं वाटलं वाईट. वाटणारच की.”

मी वही उघडली. दुसरं काही तेवढ्यात करण्यासारखं नव्हतं. नव्या पानावर लिहिलं: अण्णांचा फोन, उद्या सकाळी. मग मागचं पान उलटून नवव्या कामापुढं बरोबरची खूण करायला पेन टेकवला, आणि हात थांबला. अण्णांना सांगणे. सांगितलं तर मी अजून नव्हतंच. त्यांनी सांगितलं होतं.

“अण्णा, ते कुंकू मी लावलं होतं.”

“व्हय,” अण्णा म्हणाले. “आता कर खूण.”